एका रात्रीचे पाहुणे

गेल्या श्रावणांत आमच्या पुतण्यास चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यांत नोकरी लागली. नोकरी लागली म्हणजे राहण्याची सोय पाहिली पाहिजे, आणि सोय पाहावयाची तर घरांतील वडील माणसानें जातीनें पाहिली पाहिजे, असा आमच्या घरचा जुना शिरस्ता आहे. हल्लींचीं मुलें खिशांतील फोनवर बोट फिरवून खोली, जेवण आणि वाहन हीं तिन्ही एका क्षणांत ठरवितात, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु आमच्या मातोश्रींस तें मान्य नाहीं. तेव्हां पुतण्या, आम्ही व आमचें कुटुंब असे तिघे एका शनिवारीं दुपारीं पुण्याहून निघालों.

अंतर तसें फार नाहीं. भोसरी, मोशी करीत इंद्रायणी ओलांडली कीं चाकण आलेंच. परंतु त्या पुणें-नाशिक रस्त्यावर मालगाड्यांची जी रांग लागते, ती पाहून आळंदीचा एखादा वारकरी पायीं निघाला तर आपल्याआधीं पोंचेल असें वाटूं लागतें. तळेगांव चौकांत येईपर्यंत दिवेलागण झाली आणि पावसानेंही धरलें. रस्त्याच्या दोहों बाजूंस लॉजांच्या लखलखीत पाट्या होत्या. एका ठिकाणीं चौकशी केली, तों तेथील खोलीच्या खिडकींतून महामार्ग जणूं उशाशींच आला होता! तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, माझ्या कारखान्यांतला एकजण गांवांत एका जुन्या वाड्यांत चार दिवस राहिला होता. किल्ल्याच्या जवळ आहे. मी फोन करून ठेवला आहे." वडील माणसांनीं सोय पाहावयाची ती अशी आधींच पाहून झालेली होती, हें तेव्हां आमच्या लक्षांत आलें.

चाकण म्हटलें कीं आजच्या माणसास दोनच गोष्टी आठवतात. कांदा आणि कारखाने. कांद्याचा बाजार तर जुनाच. महात्मा फुले बाजारांत पोतीं उतरूं लागलीं म्हणजे त्यांचे भाव दूरच्या शहरांतल्या स्वयंपाकघरांत जाणवतात. कारखाने मात्र अलीकडचे. बजाज ऑटोचा कारखाना येथें १९९९ सालीं सुरू झाला, फोक्सवॅगनचा २००९ सालीं, आणि मग पाहतां पाहतां शेतांच्या जागीं पत्र्याच्या प्रचंड छपरांच्या रांगा उभ्या राहिल्या. परंतु या दोहोंच्याही पूर्वींचें एक चाकण आहे. भामा आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या मधल्या मुलुखांत, घाटाकडून व जुन्नराकडून येणाऱ्या वाटांवर बसलेलें, कोट आणि खंदक असलेलें एक ठाणें. दशरथाच्या रथाचें चाक येथें निखळलें, म्हणून चक्रेश्वर आणि म्हणून चाकण, अशी दंतकथा येथील लोक सांगतात. दंतकथेचें सोडा; परंतु इ. स. १४५३ च्या सुमारास बहामनी सरदार मलिक-उत्-तुज्जार कोंकणावर चालून गेला, तेव्हां त्यानें आपलें मुख्य ठाणें चाकणासच केलें होतें, हें तर इतिहासांतच नमूद आहे.

वाडा त्या जुन्या चाकणांत होता. अरुंद बोळांतून चिखल चुकवीत गेलों. दिंडी-दरवाजा उघडा होता. आंत चौक, चौकांत तुळशीवृंदावन, तीन बाजूंस सोपे, वर कडीपाट, आणि एका कोपऱ्यांत निळें ताडपत्रीचें छप्पर. तेथील दोन खण गेल्या वर्षींच्या पावसांत गळूं लागले होते असें पुढें कळलें. सोप्यावर एक आजी सुपांत तांदूळ घेऊन निवडीत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढें; पाठ वांकलेली, परंतु नजर सुईंत दोरा ओवण्यासारखी. सूनबाईंनीं पाय धुवावयास पाणी दिलें. पन्नाशी गांठलेली ती बाई कपाळीं लहानशी टिकली लावून हंसतमुख उभी होती. तिचा नवरा आठ वर्षांपूर्वीं वारला आहे.

पाय पुसतां पुसतां आमची दृष्टि दारामागील भिंतीवर गेली. तेथें खडूनें लिहिलेली एक काळी पाटी टांगली होती. एका रात्रीच्या खोलीचें भाडें, जेवणाचा आकार, सकाळचा चहा व पोहे यांचा आकार, सर्व स्वच्छ अक्षरांत. आम्हांस, खरें सांगावयाचें तर, कसेंसेंच झालें. लॉजांतील पाटीचें आम्हांस कांहीं वाटलें नव्हतें. परंतु तुळशीवृंदावनासमोर, समईच्या उजेडांत, आपल्यासारख्याच घरांत जेवणाचा भाव लिहिलेला पाहून मन कचरलें. आमचें कुटुंब आमच्याकडे पाहूं लागलें आणि आम्ही पाटीकडे न पाहिल्यासारखें केलें.

जेवण साधें होतें. बाजरीची भाकरी, मुगाचें वरण, डाळ घातलेलें पडवळ, अळूचें फदफदें, आणि वर साजूक तूप. कांद्याच्या या गांवांत ताटांत कांद्याचा मागमूस नव्हता, कारण आजींचा चातुर्मास! पुतण्यानें हळूच विचारलें, तेव्हां सूनबाईंनीं एक कांदा फोडून त्यास पडवींत नेऊन दिला. आजींनीं तें पाहिलें नाहीं. म्हणजे पाहावयाचें नाहीं असें ठरविलें.

जेवणें झाल्यावर पाऊस कोसळत होता आणि वीज गेली होती. आजी समईजवळ बसल्या. आमच्या मनांतून ती पाटी जात नव्हती. कोणा तरुणाच्या डोक्यांतून निघालेली ही कल्पना आजींस मनांतून डांचत असेल, असें समजून आम्ही सहानुभूतीच्या सुरांत म्हणालों, "काळच तसा आला आहे, आजी. पाहुण्याकडून पैसे घेणें तुमच्या पिढीला जड जात असेल."

आजी हंसल्या. "पाटी माझ्या हातची आहे बाबा," त्या म्हणाल्या. "सूनबाईचें अक्षर इतकें चांगलें नाहीं."

आम्ही चपापलों. मग आजींनीं जें सांगितलें तें आम्ही शक्य तितकें त्यांच्याच शब्दांत देतों.

"मी सतरा वर्षांची या घरांत आलें. तेव्हां रस्ता लहान, गाड्या मोजक्या. खेडच्या कचेरींत काम असो कीं बाजार असो, एस्टी चुकली कीं माणूस आमच्या ओट्यावर. मामंजी म्हणायचे, आपल्या दारांतून कोणी उपाशी गेला नाहीं. खरेंच नाहीं गेला. परंतु रात्रीं दहाला आलेल्या चार माणसांचा भात कोणी टाकला? सासूबाईंनीं, आणि मग मीं. तापांत टाकला, पोटुशी असतांना टाकला. पुष्कळदां ते जेवून उठले म्हणजे आम्हां बायकांना पिठलें कालवावें लागे. पुण्य मामंजींच्या नांवें जमा झालें. त्याचें मला वाईट वाटत नाहीं; ते देवमाणूस होते. पण माझा मुलगा गेला, तेव्हां या सूनबाईच्या हातांत काय होतें? माहेरीं जाऊन भावाच्या दारांत बसायचें काय? तिला येतें काय, तर माणसाला पोटभर जेवूं घालायला येतें. साठ वर्षें या घरांत तें फुकट होत होतें. म्हटलें, आतां पाटी लावूं."

हें सूनबाई दारांत उभ्या राहून ऐकत होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. परंतु थोड्या वेळानें मुख्य अडचण त्यांच्याच तोंडून कळली. आजींचे धाकटे चिरंजीव पुण्यास चांगल्या हुद्द्यावर आहेत. आपल्या आईनें खानावळ घातली, असें चार लोक म्हणतात याची त्यांस लाज वाटते. आईस व वहिनीस पुण्यास नेण्यास ते तयार आहेत, वाड्यास गिऱ्हाईकही आलें आहे, आणि दिवाळीच्या आंत कागदावर आजींची सही व्हावी असा त्यांचा आग्रह आहे. चिरंजीव वाईट आहेत असें नव्हे. गळक्या घरांत दोन बायका एकट्या राहतात, ही त्यांची काळजी खरीच आहे. परंतु पुण्याच्या तीन खोल्यांत सूनबाई कोण म्हणून राहतील, या प्रश्नाचें उत्तर त्यांच्याजवळ नाहीं.

त्या रात्रीं माडीवर, पावसाचा आवाज ऐकत, आम्हांस बराच वेळ झोंप आली नाहीं. अतिथि या शब्दाचा अर्थ आम्ही लहानपणीं शिकलों तो, ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो. स्मृतिकारांनीं त्यास आणखी एक मर्यादा घातली आहे. जो एकच रात्र राहतो तो अतिथि. आपल्या पूर्वजांस पाहुण्याचें प्रेम होतें तसेंच यजमानाच्या कोठाराचें भानही होतें, हें त्यावरून दिसतें. ही मर्यादा न पाळणारा पाहुणा कसा असतो, याचा तर या परिसरास चांगलाच अनुभव आहे!

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाऊस उघडला आणि आम्ही किल्ला पाहावयास गेलों. संग्रामदुर्ग हें नांव मोठें. पाहावयास मात्र आज थोडेंच उरलें आहे. पडक्या तटाचे भाग, बुरूज, दरवाज्याचे अवशेष, खंदकाची खूण, आणि भोंवतीं दाटलेलीं घरें. डोंगराचा आधार नसलेला हा भुईकोट. इ. स. १६६० च्या मे महिन्यांत शाएस्तेखान पुण्यास उतरला आणि २१ जून रोजीं त्यानें चाकणास वेढा घातला. आंत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. शिवाजी महाराज त्या वेळीं पन्हाळ्यास सिद्दी जौहरच्या वेढ्यांत अडकलेले. पुढें जुलैंत ते विशाळगडाकडे निसटले खरे, परंतु चाकणास कुमक पोंचणें शक्य नव्हतें. ऐन पावसाळ्यांत, मातीच्या मैदानावर, मूठभर माणसांनीं तो कोट ५० दिवसांहून अधिक झुंजविला. अखेर १४ ऑगस्ट रोजीं मोगलांनीं भुयारांतील सुरुंग उडवून बुरूज पाडला, आणि दुसऱ्या दिवशीं किल्ला त्यांच्या हातीं गेला. मोगलांकडील २६८ माणसें पडलीं व ६०० जखमी झालीं, असा हिशेब यदुनाथ सरकारांनीं दिला आहे. खानानें फिरंगोजीस आपल्या चाकरींत बोलाविलें आणि त्यानें तें नाकारलें, असें सांगतात.

पुढें हाच खान पुण्यास लाल महालांत जाऊन राहिला. ज्या घरांत महाराजांचें बालपण गेलें त्या घरांत, न बोलावतां, तीन वर्षांच्या सुमारास! ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीं घरधन्यानें स्वतः येऊन त्या पाहुण्यास बोटें तोडून निरोप दिला, ती कथा मराठी मुलास पाठ असते. तटाच्या पडक्या दगडांजवळ उभें राहून आमच्या मनांत आलें कीं घर राखणें म्हणजे केवळ दगड राखणें नव्हे. कोट पडला तरी फिरंगोजीची किंमत कमी झाली नाहीं. परंतु एवढ्यावरून आजींनीं वाडा विकावा किंवा विकूं नये, हें सांगण्याचा अधिकार आम्हांस मिळत नाहीं. दोन बायकांच्या डोक्यावरील छप्पर गळतें आहे, ही गोष्ट इतिहासानें बुजत नाहीं.

मग प्रश्न उरतो तो पैशाचा. पाहुणचाराची किंमत घेणें हें खरोखरच आपल्या धर्मास सोडून आहे काय? वाटसरूची सोय करण्याच्या दोन रीती आपल्या देशांत जुन्याच आहेत. एक धर्माची. अहिल्याबाई होळकरांनीं १७६७ ते १७९५ या आपल्या कारकीर्दींत काशीपासून रामेश्वरापर्यंत ज्या धर्मशाळा व घाट बांधिले, ते या रीतीचें उज्ज्वल उदाहरण. आळंदीच्या धर्मशाळा आजही वारकऱ्यांस आसरा देतात. दुसरी रीत मोबदल्याची, म्हणजे सराईची. सरकारनें १८६७ सालीं सरायांचा कायदा केला, त्यांत सराई चालविणारानें तिची नोंद करावी, खोल्या व पाणी स्वच्छ ठेवावें, पहारेकरी ठेवावे, आणि दरांची यादी लोकांस दिसेल अशी लावावी, अशीं कलमें घातलीं. म्हणजे आजींची ती काळी पाटी कांहीं नवी टूम नव्हे. दर उघड लिहिण्यांत पाहुण्याचें रक्षण आहे, आणि यजमानाचेंही. जपानांत यामानाशी प्रांतांत ऊन पाण्याच्या झऱ्याजवळ एक पांथशाळा इ. स. ७०५ पासून चालू आहे. जगांतील सर्वांत जुनें विश्रामगृह म्हणून तिची नोंद झाली आहे. एका घराण्याच्या अनेक पिढ्यांनीं ती चालविली. तेथील यजमानीण गुडघे टेंकून पाहुण्याचें स्वागत करते, आणि दुसऱ्या दिवशीं त्याचा हिशेबही घेते. या दोहोंत विरोध आहे असें तिकडे कोणास वाटत नाहीं.

हे सर्व विचार आम्ही केले. आणि तरीही निघतेवेळीं आमच्या हातून जी चूक व्हावयाची ती झालीच. आजींच्या हातांत पैसे मोजून देणें आम्हांस अवघड वाटलें. म्हणून आम्ही एका पाकिटांत पाटीवरील रकमेच्या दुप्पट पैसे घालून तें गुपचूप देवघरांत, बाळकृष्णाच्या पाटाखालीं सरकविलें. सामान उचलून दिंडीपर्यंत आलों, तों मागून आजींची हांक. एका हातांत काठी, दुसऱ्या हातांत पाकीट.

"हें देवापुढें कोणी ठेवलें?"

आम्ही कांहींतरी पुटपुटलों. आजी शांतपणें म्हणाल्या, "देवाला द्यायचें असेल तर देवाला द्या, मी नाहीं म्हणत नाहीं. पण हें तुम्ही आम्हांला दिलें आहे, आणि देवाच्या आड लपून दिलें आहे. दुप्पट कशाला? आमची कींव आली म्हणून ना? जेवण दुप्पट चांगलें होतें म्हणून नव्हे."

वाचकहो, वयाच्या या टप्प्यावर आम्हांस असें कोणी बोललें नव्हतें. आणि इतकें खरेंही कोणी बोललें नव्हतें. आम्ही दान करीत होतों. त्यांनीं काम केलें होतें. कामाचा मोबदला लपवून देणें म्हणजे तें काम लाजेचें आहे असें म्हणणेंच होय, आणि पुण्यास बसलेल्या चिरंजीवांहून आम्ही त्या क्षणीं कांहीं निराळे नव्हतों.

सूनबाईंनीं एक शाळेची वही आणली. तींत पाहुण्यांचीं नांवें, गांव, तारीख व पोंचलेली रक्कम अशी नोंद होती. कारखान्यांत यंत्रें बसवावयास आलेले मद्रासकडचे कारागीर, किल्ला पाहावयास आलेलीं मुलें, एक परदेशी पाहुणा, आणि कित्येक आईबाप, आमच्यासारखेच मुलाची सोय पाहावयास आलेले. आम्ही पाटीप्रमाणें पैसे मोजून दिले. सूनबाईंनीं ते मोजून घेतले, वहींत लिहिलें, आणि उरलेले परत केले. मग त्यांनीं आमच्या कुटुंबास कुंकू लावलें, ओटींत नारळ घातला, आणि पुतण्याच्या हातावर बेसनाचे चार लाडू ठेवले. आम्ही सवयीनें खिशाकडे हात नेला. आजी म्हणाल्या, "याची पाटी नाहीं लावलेली."

पुतण्यानें त्या वाड्यांतील माडीवरची खोली महिन्याच्या बोलीनें घेतली आहे. त्याच्या पत्रावरून, म्हणजे हल्लींच्या पद्धतीप्रमाणें त्याच्या फोनावरून, कळतें कीं गळक्या दोन खणांपैकीं एकाचीं कौलें चाळून झालीं. दुसऱ्यासाठीं पैसे जमावयाचे आहेत. चिरंजीव गणपतींत येऊन गेले. वही त्यांनीं चाळली, मग बराच वेळ चौकांत एकटेच बसले, आणि सहीचा विषय न काढतां परत गेले. तो विषय दिवाळींत निघेल कीं नाहीं, आणि निघाला तर काय होईल, हें आज कोणासच सांगतां येणार नाहीं.

आमच्या वाचकांच्या घरीं पाहुणे येत असतात आणि येत राहावे. प्रत्येक घरीं पाटी लावावी असें आम्ही म्हणत नाहीं. आप्तेष्टांच्या जाण्यायेण्यानें घर नांदतें, आणि तेथें हिशेब नसतो हेंच बरें. परंतु "आपल्या दारांतून कोणी उपाशी गेला नाहीं" असें अभिमानानें सांगतांना, त्या रात्रीं चुलीपाशीं कोण उभें होतें आणि शेवटीं कोण जेवलें, एवढी आठवण घरच्या पुरुषांनीं ठेवावी. आम्ही चाकणाहून परतलों त्या सायंकाळीं आमचे एक स्नेही अवचित आले. सवयीप्रमाणें आम्ही आंत पाहून "चहा टाका" म्हणणार, तों आजींची काठी आठवली. चहा आम्हीच केला. तो फारसा चांगला झाला नव्हता, परंतु स्नेह्यांनीं मुकाट्यानें घेतला. आणि माजघरांत आमच्या मातोश्री व आमचें कुटुंब कपाटाआड हंसत होतीं, तें आम्हांस स्पष्ट ऐकूं आलें.